धाकट्याचा वाटा

इंग्लंडमधल्या श्रूझबरीच्या बाजारपेठेत, जिथे पूर्वी हाय क्रॉस नावाचा क्रूस उभा होता, तिथल्या कोपऱ्यावरच्या भिंतीला एक पाटी आहे. गेली अकरा वर्षं मी आठवड्यातून दोनदा तरी तिच्यासमोरून जाते. हातात भाजीची पिशवी, डोक्यात घरी पोचायची घाई, आणि पाटी तिथेच. या मे महिन्यात बाबा आले होते. पाऊस नुकताच थांबला होता, दगडी रस्ता ओला होता, शेजारच्या दुकानातून गरम पावाचा वास येत होता. बाबा पाटीपुढे थांबले. इंग्रजी ते सावकाश वाचतात, ओठ हलवत, एकेका शब्दाखाली बोट धरत, सातबारा वाचावा तसं. "दावीद. वेल्सचा राजा. बाराशे त्र्याऐंशी," ते म्हणाले, "इथे मारलं याला?" मी हो म्हटलं. घोड्याला बांधून याच रस्त्यांवरून फरफटत आणलं, जिवंतपणी फासावर चढवलं, मग आतडी काढून जाळली आणि शरीराचे चार तुकडे केले, एवढं सगळं मी एका दमात सांगून टाकलं. "कोण होता हा?" मी म्हटलं, "वेल्सचा मोठा राजा लेवेलिन, त्याचा धाकटा भाऊ." बाबा थोडा वेळ गप्प राहिले. मग त्यांनी विचारलं, "धाकट्याच्या वाट्याला काय आलं होतं?"

मला उत्तर देता आलं नाही.

बाबा चौतीस वर्षं तलाठी होते. वाटण्यांचे किती फेरफार त्यांनी आपल्या हाताने लिहिले असतील याची मोजदाद नाही. त्यामुळे त्यांचा प्रश्न तसा सवयीचाच होता. पण तो माझ्या मनातून जाईना. मी लेवेलिनच्या शेवटच्या दिवसाबद्दल वाचलं होतं, किलमेरीला त्याच्या स्मारकापाशी दोनदा जाऊन आले होते, एडवर्ड राजाने बांधलेले कॉनवी आणि कार्नार्व्हनचे किल्ले पाहुण्यांना दाखवून झाले होते. दावीदला मात्र मी नेहमी एका शब्दात उरकलं होतं: फितूर. आणि बाबांनी फितुरीबद्दल विचारलंच नाही. त्यांनी वाटा विचारला.

उत्तर शोधायचं तर दोन पिढ्या मागे जावं लागतं. दहाव्या शतकातल्या हवेल दा या राजाच्या नावाने ओळखले जाणारे वेल्सचे जुने कायदे आहेत. त्यात बापाच्या जमिनीवर सगळ्या मुलांचा सारखा हक्क. लग्नाच्या बायकोचा की बाहेरचा, हा भेदही नाही. बापाने आपला म्हटला की तो मुलगा आणि वाटेकरी. आणि वाटणीची रीत अशी, की सगळ्यात धाकट्याने वाटे पाडायचे आणि थोरल्यापासून एकेकाने उचलत यायचं. शेवटी उरेल तो धाकट्याचा. म्हणजे धाकटा वाटे चुकूनही कमीजास्त पाडणार नाही. हे मी बाबांना सांगितलं तेव्हा ते चहाचा कप हातात धरून मनापासून हसले. "आमच्या घरात याच्या बरोब्बर उलट," ते म्हणाले, "थोरल्याने वाटे पाडायचे, धाकट्याने पहिला उचलायचा. पण अक्कल तीच." कुठला डोंगराळ पावसाळी देश, कुठलं आमचं माणदेशाकडचं कोरडं गाव, आणि भावांचा एकमेकांवर विश्वास नसतो हे दोन्हीकडच्या शहाण्यांनी आधीच धरून ठेवलेलं.

पण शेत वाटता येतं, राज्य कसं वाटणार? कायद्यातही राजाचा वारस एकच असावा अशी सोय होती. प्रत्यक्षात भाऊ ती मानत नसत. पाटीवरच्या दावीदचा आजोबा, थोरला लेवेलिन, ज्याला लेवेलिन महान म्हणतात, तो शहाणा राजा. उत्तरेतलं ग्विनेदचं राज्य फुटू नये म्हणून त्याने इंग्लंडच्या जॉन राजाची मुलगी जोन केली आणि तिच्यापोटी झालेल्या दावीदला एकट्याला वारस नेमलं. थोरला मुलगा ग्रिफिद दुसऱ्या बाईचा, तो बाजूला पडला. (नावं पुन्हा पुन्हा तीच येतात, आपल्याकडे नातवाला आजोबांचं नाव ठेवतात तसं. हा दावीद म्हणजे पाटीवरच्या दावीदचा काका.) १२४० मध्ये म्हातारा गेला आणि दावीदने ग्रिफिदला कैदेत ठेवलं. ग्रिफिदची बायको सेनाना मदत मागायला इंग्लंडच्या तिसऱ्या हेन्रीकडे गेली. १२४१ च्या ऑगस्टमध्ये त्यांचा करार झाला तो इथेच, श्रूझबरीला. नवऱ्याला सोडवा आणि त्याच्या हक्काचा वाटा त्याला मिळवून द्या, त्याबद्दल पैसे देऊ, असं तिने कबूल केलं. हेन्रीने दावीदला नमवलं, ग्रिफिदला ताब्यात घेतलं, आणि सोडायच्या ऐवजी लंडनच्या टॉवरमध्ये नेऊन ठेवलं. १ मार्च १२४४, वेल्सच्या संताच्या सणाचा दिवस. ग्रिफिदने चादरी फाडून दोर केला आणि खिडकीतून उतरायला लागला. अंगाने जड माणूस. दोर तुटला. तो डोक्यावर पडून मेला.

त्याचे चार मुलगे मागे राहिले: ओवाइन, लेवेलिन, दावीद आणि रोद्री.

मला सगळ्यात जास्त टोचतं ते हेन्रीचं वागणं. सेनाना न्याय मागायला गेली होती. तिच्या देशाच्या कायद्याप्रमाणे तिच्या नवऱ्याचा हक्क खराच होता. आणि हेन्रीलाही नेमका तोच कायदा हवा होता, कारण ग्विनेदचे जितके तुकडे तितका त्याला आराम. १२४७ च्या वुडस्टॉकच्या तहात त्याने कॉनवी नदीच्या पूर्वेचा सगळा मुलूख स्वतः घेतला आणि उरलेलं ओवाइन आणि लेवेलिन यांच्यात वाटलेलं राहू दिलं. धाकटा दावीद वयात आल्यावर त्यालाही त्यातलं द्या, असा लकडा लावला. मागणारा घरचा होता, मागणी रास्त होती, फक्त वाटणी व्हावी असं मनापासून वाटणारा माणूस बाहेरचा होता. हे मी बाबांना सांगत होते तेव्हा ते खिडकीपाशी लसूण सोलत बसले होते. त्यांनी मान वर न करता म्हटलं, "असा एक माणूस प्रत्येक गावात असतो. धाकट्याला म्हणतो, अरे, तुझं हक्काचं आहे ते. आणि ते खरंच हक्काचं असतं, म्हणून तर धाकटा ऐकतो."

बाबा स्वतः धाकटे. काका आणि ते गेली एकोणीस वर्षं एकमेकांशी बोलत नाहीत. विहिरीच्या पाळीवरून सुरू झालं, बांधावरच्या जांभळापर्यंत गेलं, आणि शेवटी माजघरातून भिंत उठली. ती भिंत मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा तिचं सिमेंट ओलं होतं. माझ्या उंचीवर कुणीतरी हात टेकला होता, त्याचा ठसा उमटला होता. आजही तो आहे. देव काकांच्या बाजूला गेले, उखळ आमच्या बाजूला आलं.

१२५५ च्या जूनमध्ये ब्रिन डेरविनच्या खिंडीत लेवेलिनची एका बाजूला आणि ओवाइन-दावीदची दुसऱ्या बाजूला गाठ पडली. लढाई चटकन संपली. लेवेलिनने दोघांनाही पकडलं. दावीदला पुढच्या वर्षी सोडलं, पण ओवाइनला नाही. सगळ्यात थोरला, तांबड्या केसांचा, म्हणून ओवाइन गॉख. तो बावीस वर्षं कैदेत राहिला. लानबेरिसच्या वरच्या अंगाला डोलबादार्नचा गोल बुरूज आहे, त्यालाच तिथे ठेवलं होतं असं लोक सांगतात. एका शनिवारी मी बाबांना तिथे घेऊन गेले. खाली काळं तळं, पलीकडे पाटीच्या दगडाच्या खाणीने अर्धा सोललेला डोंगर, आणि एका उंचवट्यावर तो एकटा बुरूज. बाबा गुडघ्यावर हात ठेवत एकेक पायरी चढले. आत छप्पर नाही, वर गोल आभाळ दिसतं. भिंतीच्या सांदीतून पाणी पाझरत होतं आणि दगडांवर बारीक शेवाळ होतं, बोट लावलं की गार आणि मऊ. ओवाइनच्या सुटकेसाठी हवेल फोल नावाच्या एका कवीने कविता रचल्या. हिरवेगार डोंगर जिंकणाऱ्या लेवेलिनच्या राज्यात, लेवेलिनच्याच भावासाठी. याला किती धाडस लागलं असेल, हे त्या बुरुजात उभं राहिल्यावर मला पहिल्यांदा कळलं.

बाबा म्हणाले, "बावीस वर्षं." मग पुन्हा एकदा, "बावीस."

लेवेलिन वाईट माणूस होता का? मला तसं म्हणता येत नाही. त्या बावीस वर्षांतच त्याने वेल्सच्या बहुतेक सगळ्या सरदारांना एका सत्तेखाली आणलं. १२६७ च्या मॉन्टगोमेरीच्या तहात हेन्रीने त्याला वेल्सचा राजपुत्र म्हणून मान्यता दिली, आणि ही मान्यता त्याला २५,००० मार्क (त्या काळचं हिशेबाचं चलन) मोजून विकत घ्यावी लागली. त्याच्याआधी आणि त्याच्यानंतर हे कुठल्याही वेल्श राजाला जमलं नाही. भाऊ मोकळे असते तर जमलं असतं का? बहुधा नसतं. आणि तरी त्या पाझरणाऱ्या भिंतीपाशी उभं राहून मला लेवेलिनचा अभिमान वाटेना. मोठं काही उभं करायचं तर घरातल्या कुणाला तरी बुरुजात ठेवावं लागतं, हे मला मान्य करावंसं वाटत नाही, आणि नाकारायला माझ्याकडे पुरावा नाही.

रोद्रीने वेगळाच मार्ग धरला. १२७२ मध्ये त्याने १,००० मार्कांच्या बदल्यात आपला हक्क सोडला आणि पुढे इंग्लंडमध्ये जाऊन राहिला. सरे परगण्यात टॅट्सफील्ड नावाच्या गावात त्याचं घर होतं. चार भावांत तोच एक स्वस्थपणे म्हातारा झाला. हे वाचताना मी थबकले, कारण हक्क सोडणं म्हणजे काय हे मला माहीत आहे. सहा वर्षांपूर्वी सुट्टीला गेले असताना माझ्या धाकट्या भावाच्या नावे मी हक्कसोडपत्रावर सही केली. निबंधक कार्यालयातल्या गर्दीत, पंख्याचा आवाज, अंगठ्याला लागलेली जांभळी शाई, भावाचं खाली घातलेलं तोंड. एक रुपयाही घेतला नाही. मी मनापासून सही केली होती, आणि तरी विमानात बसल्यावर अंगठा पुन्हा पुन्हा पुसत होते. रोद्रीलाही असं काही झालं असेल का? सोडलेला हक्क संपत नाही हे मात्र त्याच्या घरात दिसलं. त्याचा नातू ओवाइन, 'लाल हाताचा' म्हणून ओळखला जाणारा, फ्रान्सच्या सैन्यात गेला आणि वेल्सच्या गादीवर आपला हक्क सांगू लागला. १३७८ मध्ये इंग्रजांच्या पैशावर जॉन लॅम्ब नावाच्या माणसाने त्याचा खून केला. म्हणजे आजोबांनी सोडलं ते शंभर वर्षांनी नातवाच्या अंगाशी आलं.

आता दावीद. १२६३ मध्ये तो भावाला सोडून इंग्रजांना मिळाला. परत आला. १२७४ च्या फेब्रुवारीत त्याने लेवेलिनला मारण्याचा कट केला. ठरलेल्या रात्री एवढं बर्फ पडलं की मारेकरी पोचूच शकले नाहीत. कट फुटला, दावीद पुन्हा इंग्लंडला पळाला. १२७७ मध्ये पहिला एडवर्ड वेल्सवर चालून आला तेव्हा दावीद त्याच्या बाजूने भावाविरुद्ध लढला. त्या पराभवानंतर लेवेलिनकडे ग्विनेदचा पश्चिमेकडचा भाग तेवढा उरला. ओवाइन सुटला, त्याला लीनच्या द्वीपकल्पात जमीन मिळाली. आणि दावीदला एडवर्डने रिफोन्योग आणि डिफ्रिन क्लुइड हे दोन परगणे दिले. बाबांच्या प्रश्नाचं हे पहिलं उत्तर. धाकट्याला वाटा मिळाला, पण भावाकडून नाही, आणि बापाच्या हातून तर नाहीच. परक्याने जिंकून घेतलेल्या त्याच्याच घरातला एक कोपरा त्याला परक्याने बक्षीस म्हणून दिला.

मग पाच वर्षं गेली. इंग्रज अधिकारी त्याच्या जमिनीत जंगल तोडायला लागले, त्याला वेल्श कायदा सोडून इंग्रजी न्यायालयात खेचायला लागले. १२८२ च्या मार्चमध्ये, झावळ्यांच्या रविवारच्या आदल्या रात्री, दावीदने हार्डनच्या किल्ल्यावर छापा घातला. ज्याने दिलं त्याच्यावरच. सगळा उत्तर वेल्स पेटला. लेवेलिनला या उठावाची आधी कल्पना होती का, याबद्दल अभ्यासक अजून वाद घालतात. मला त्यापेक्षा हे महत्त्वाचं वाटतं की तो धाकट्याच्या मागे उभा राहिला. ज्याने आपल्याला मारायला माणसं पाठवली होती त्याच्या मागे. आठ वर्षांपूर्वी बर्फामुळे वाचलेला माणूस. त्या जूनमध्ये त्याची बायको एलेनॉर पहिल्याच बाळंतपणात गेली, मुलगी तेवढी जगली. हिवाळ्याच्या तोंडावर कँटरबरीचा आर्चबिशप मध्यस्थीला आला. लेवेलिनला इंग्लंडमध्ये वर्षाला १,००० पौंडांची जहागीर, आणि दावीदने पवित्र भूमीला निघून जायचं, असा देकार होता. दोघांनीही नाही म्हटलं. दावीदने कळवलं की पवित्र भूमीला जायचं तर देवासाठी आपल्या मर्जीने जाईन, माणसाच्या हुकमाने नाही. आणि स्नोडोनियाच्या लोकांनी कळवलं की ज्याची भाषा, रीतभात आणि कायदे आम्हाला ठाऊक नाहीत अशा परक्यापुढे आम्ही मान झुकवणार नाही. हे उत्तर मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता.

११ डिसेंबर १२८२ ला किलमेरीजवळ लेवेलिन मारला गेला. त्याचं डोकं लंडनला नेऊन टॉवरवर टांगलं. किलमेरीला आज उंच ग्रॅनाइटची शिळा आहे, दर डिसेंबरला लोक जमतात, फुलं वाहतात. पण त्यानंतरचे सहा महिने कुणी आठवत नाही. वेल्सचा राजपुत्र हे नाव दावीदने घेतलं, हिवाळाभर डोंगरातून लढत राहिला, एकेक किल्ला पडत गेला. जूनमध्ये त्याच्याच भाषेच्या माणसांनी त्याला पकडून दिलं. सोबत लहान मुलगा होता. ३ ऑक्टोबर १२८३ ला आमच्या गावच्या बाजारात, आता पाव भाजतात तिथून हाकेच्या अंतरावर, त्याला मारलं. डोकं लंडनला गेलं आणि टॉवरवर लेवेलिनच्या शेजारी लागलं. वेल्श माणसं जिवंत भावाचा जीव घेतात आणि मेलेल्या भावाचा सूड घेतात, अशा अर्थाचं जेराल्ड ऑफ वेल्सने शंभर वर्षं आधी लिहून ठेवलं होतं. मी आता दावीदला फितूर म्हणत नाही. काय म्हणायचं हे मला अजून सापडलेलं नाही.

बाबा परत जायच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी एक जुनं पाकीट घेतलं आणि त्याच्या पाठीवर रेघा मारल्या. पट्टी न घेताही त्यांचे रकाने सरळ येतात. नाव, वाटा, शेरा. मग मला विचारत, अगदी फेरफाराच्या अक्षरात, त्यांनी एकेक नोंद लिहिली. ओवाइन: बावीस वर्षं कैद, नंतर लीनची जमीन. लेवेलिन: सर्व, नंतर काही नाही. रोद्री: १,००० मार्क, हक्कसोड. दावीद: दोन परगणे, राजाकडून. "वारस?" त्यांनी विचारलं. दावीदचे दोन मुलगे ब्रिस्टलच्या किल्ल्यात कोंडले. थोरला चार वर्षांत गेला. धाकटा, ओवाइन, लहानपणीच आत गेला. १३०५ मध्ये एडवर्डने हुकूम काढला की लोखंडाने बांधलेला लाकडी पिंजरा करून याला रात्री त्यात ठेवा. या ओवाइनचा एक अर्ज शिल्लक आहे. सुटका नसेल तर निदान किल्ल्याच्या भिंतीच्या आत खेळायला जाऊ द्या, असं त्यात मागितलंय. बाबांनी ते लिहिलं नाही. रकाना पुरला नसता.

"आणि लेवेलिनचा वारस?"

मी सांगितलं. एकच मुलगी, ग्वेनलियन. वेल्श कायद्याने तिला जमीन मिळालीच नसती. तरी एडवर्डला तिच्या पोटी होऊ शकणाऱ्या मुलांची भीती वाटली. पाळण्यातल्या पोरीला त्याने लिंकनशरमधल्या सेम्प्रिंगमच्या मठात पाठवलं. तिथेच ती जोगीण झाली आणि चौपन्न वर्षं राहून १३३७ च्या जूनमध्ये वारली. आपली भाषा तिने कधी ऐकली नसावी. तिचं नावही तिथल्या कारकुनांनी ऐकू येईल तसं लिहिलं. आता उत्तरेतल्या एका डोंगराला तिचं नाव दिलंय, २००९ पासून.

बाबांनी तिचं नाव लिहिलं. माझ्याकडून दोनदा म्हणवून घेऊन, नीट. वाट्याच्या रकान्यात त्यांनी रेघ ओढली. मग पेन तसंच धरून विचारलं, "तू सही केलीस तेव्हा तुला तो कागद वाचून दाखवला होता का मी?"

मी म्हटलं, "नाही."

बाबांनी ग्वेनलियनच्या खाली माझं नाव लिहिलं, पूर्ण, लग्नाआधीचं. आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: वाचून दाखविले नाही.